साडेअठरा मिनिटं

आमच्या खात्यात मला ‘यादीवाले’ म्हणतात. तोंडावर सर, आणि पाठ फिरली की यादीवाले. म्हणोत बापडे. सव्वीस वर्षं यादीच करत आलोय, तर दुसरं काय म्हणणार?

यादी कसली ते सांगतो. आमची एक दुर्बीण आहे. ती पृथ्वीभोवती फिरते आणि आकाशातून येणारे क्ष-किरण टिपते. तिच्या कॅमेऱ्यात बारीक बारीक चौकोनांच्या शेकडो उभ्या ओळी आहेत. त्यातली एखादी ओळ मधूनच बंद पडते, तिला काही दिसेनासं होतं. तिला आम्ही आंधळी ओळ म्हणतो. दर महिन्याला कॅमेऱ्याचं झाकण लावून काळे फोटो काढायचे, ते एकेक करून बघायचे आणि या महिन्यात कुठल्या ओळी आंधळ्या आहेत ते लिहून ठेवायचं. ती यादी घेऊन मग जगभरातले शहाणे आपापली गणितं करतात. ओळ यादीत असली की तिथलं काही धरायचं नाही. यादीत नसली की ती डोळस. इतकं साधं काम आहे, आणि साधं आहे म्हणूनच कोणाला नको असतं. ते माझ्या गळ्यात पडलं आणि मीही ते मिरवत राहिलो.

माझी पुतणी त्याच खात्यात पीएचडी करते. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण लहानपणी हाताला लागेल ते गालात कोंबून पळायची, म्हणून दादा तिला खारू म्हणायला लागला आणि तेच चिकटलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही तिघं राहतो, वहिनी, खारू आणि मी. मी लग्न केलं नाही. माझ्या नाकावरचा राग बघून कोण येणार होतं?

खारूचा विषय होता शेजारच्या दीर्घिकेतली कृष्णविवरं आणि त्यांचे जोडीदार तारे. एकदा जेवताना तिनं वहिनींना समजावून सांगितलं होतं.

‘आई, कृष्णविवर दिसत नाही. पण त्याच्या जवळ एखादा तारा असला की ते त्याला ओरबाडत राहतं. ओरबाडलेला वायू गरागरा फिरत आत पडतो, आणि पडता पडता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. ते आपण बघायचे.’

‘म्हणजे खाणारा दिसत नाही, त्याचं ताट दिसतं,’ वहिनी म्हणाल्या. वहिनी पोस्टात खिडकीवर बसतात, दिवसभर माणसं बघतात. असलं त्यांना पटकन कळतं. ‘पण मग आपल्याच आकाशगंगेतली बघावीत ना. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवायचं?’

‘आपण आपल्या घरात बसलोय ना, म्हणून. मध्ये धूळ, आडोसे, कोण किती लांब तेच नीट कळत नाही. समोरच्या इमारतीतली बिऱ्हाडं कशी, एका नजरेत दिसतात. सगळी सारख्याच अंतरावर. कोणाकडे उजेड जास्त, कोणाकडे कमी, लगेच कळतं.’

‘तरीच समोरच्या बाईला आपल्याकडचं सगळं ठाऊक असतं,’ वहिनी म्हणाल्या, आणि खारू इतकी हसली की तिला ठसका लागला.

अशा चाळीस जोड्या तिनं त्या दीर्घिकेत शोधल्या होत्या. आम्हाला फोटोत त्या नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात. बाकीचे एकोणचाळीस ठिपके सरळमार्गी होते, पण तेविसावा और होता. तो दर साडेअठरा मिनिटांनी मंद व्हायचा आणि पुन्हा उजळायचा, घड्याळ लावून घ्यावं असा. खारूचा अर्थ असा, की तिथं एक विझत आलेला छोटासा तारा कृष्णविवराभोवती साडेअठरा मिनिटांत एक फेरी मारतोय आणि दर फेरीला तिथला उजेड आपल्या नजरेआड करतोय. साडेअठरा मिनिटांत फेरी! आम्हाला तर चहाला जाऊन यायला त्याहून जास्त वेळ लागतो. तिच्या मार्गदर्शक बाई सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत, पण त्यांनीसुद्धा खुर्चीतून उठून तिला मिठी मारली होती. दूरच्या एका संस्थेनं तिला नोकरीला बोलावलं ते त्या तेविसाव्याच्या जोरावर. पदवी हातात पडली की या, असं पत्र आलं. वहिनींनी ते पत्र पोस्टाच्या जाड पाकिटात घालून कपाटात ठेवलं.

घोडं एकाच ठिकाणी अडायचं. त्या दीर्घिकेकडे आमच्या दुर्बिणीनं सलग टक लावून पाहिलं ते एकदाच, अकरा वर्षांपूर्वी, पाच दिवस. त्यानंतर तो ठिपका मंदावत गेला आणि आता तर दिसतही नाही. पुन्हा तपासायची सोयच नाही. जे काय होतं ते त्या पाच दिवसांतलं.

आणि दुसरी एक गोष्ट. आमची दुर्बीण मुद्दाम डुलते. एकाच चौकोनावर सगळा भार पडू नये म्हणून तिला हळूहळू डावी-उजवी डुलवत ठेवतात. एक झोका पुरा व्हायला सदतीस मिनिटं लागतात. आता सदतीसचे निम्मे किती होतात ते कोणीही सांगेल. खारूला ते कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला? तीन वर्षांपूर्वी ती ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली होती.

‘काका, सदतीसचे निम्मे साडेअठरा होतात.’

‘होतात. शाळेत गेलोय मी.’

‘ऐक ना. ठिपका झोक्याच्या अगदी मधोमध एखाद्या आंधळ्या ओळीवरून जात असेल, तर जाताना एकदा मंद होईल आणि येताना एकदा.’

‘तिथं यादीत आंधळी ओळ आहे?’

‘नाही.’

‘मग?’

‘तू एकदा त्या महिन्याचे काळे फोटो काढून बघशील? फक्त त्याच महिन्याचे.’

ते फोटो माझ्या कपाटातल्या जुन्या टेपांवर आहेत. मी काढून दिल्याशिवाय कोणाला मिळत नाहीत. अर्ध्या तासाचं काम होतं. पण माझं डोकं फिरलं. ‘तेवीस वर्षं यादी करतोय मी,’ मी म्हणालो, ‘आजवर कोणाची टाप झाली नाही तीत बोट घालायची. आणि तू कालची पोर मला शिकवतेस? यादीत नाही म्हणजे नाही. जा, काम कर.’

‘चुकलं, महाराज,’ असं म्हणून ती हसत निघून गेली. नंतर प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिनं एक ओळ लिहिली, की यादीनुसार त्या जागी आंधळी ओळ नाही, म्हणून झोक्याचा संशय निकालात निघतो. ज्यांनी ज्यांनी तो प्रबंध वाचला त्यांनी ज्याच्या त्याच्या मनातली शंका त्या ओळीशी आणून सोडली आणि पुढचं पान उलटलं.

मी दोन महिन्यांनी निवृत्त होणार. माझ्या जागी माणूस येणार नाही, प्रोग्रॅम येणार आहे. त्याला जुने सगळे काळे फोटो खाऊ घालायचे आणि तो सगळ्या याद्या नव्यानं करणार, असं ठरलं. खारूची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. मंगळवारी दुपारी मी त्या प्रोग्रॅमला एकेका महिन्याच्या टेपा घालत बसलो होतो. तो मुकाट्यानं हिरवं दाखवत होता आणि मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होतो. अकरा वर्षांपूर्वीचा तो महिना आला आणि त्यानं लाल दाखवलं. सहाशे अकरावी ओळ आंधळी, यादीत नाही.

म्हटलं, प्रोग्रॅम गाढव आहे. स्वतः फोटो उघडले. झाकण लावलं तरी डोळस ओळींत बारीक करडी खसखस उमटते, पण सहाशे अकरावी ओळ वरपासून खालपर्यंत ठार काळी होती, शाळेतल्या पोरालाही दिसली असती. मग त्या महिन्याची यादी उघडली, शेजारी आधीच्या महिन्याची उघडली. दोन्ही अक्षर न् अक्षर सारख्या. आधीच्या महिन्यात एका आकड्यापुढे माझ्या हातून स्वल्पविराम दोनदा पडला होता, तो इथंही दोनदा होता. म्हणजे त्या महिन्याची यादी मी केलीच नव्हती. मागची उचलून नुसती तारीख बदलली होती.

मग खारूचा ठिपका कुठल्या ओळीवर होता ते बघितलं. बघायची गरज नव्हती खरं तर.

तो महिना कुठला होता, हे मला कॅलेंडर न बघताही ठाऊक होतं. त्या महिन्यात दादा गेला. मी अकरा दिवस ऑफिसात नव्हतो. परत आलो तेव्हा टेबलावर ढीग साचला होता, लोक यादीसाठी तगादा लावत होते, आणि माझ्या डोक्यात नुसतं भणभणत होतं. जुनी यादी लावून दिली, म्हटलं नंतर बघू. बिघडलेल्या ओळी सुधाराव्यात म्हणून अधूनमधून कॅमेरा तापवतात, तसा पुढच्या महिन्यात तापवला आणि ती ओळ पुन्हा बघायला लागली. त्यामुळे पुढच्या यादीत ती नसणं बरोबरच होतं. ते ‘नंतर’ कधी आलं नाही. माझ्या तर ते ध्यानातूनही गेलं होतं, आणि त्यावर मी तेवीस वर्षं, सव्वीस वर्षं करत लोकांवर गुरगुरत होतो.

ऑफिस सुटेपर्यंत तसाच बसून राहिलो.

घरी आलो तर खारू कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करत होती. वहिनी तिच्या निळ्या कोटाला इस्त्री करत होत्या. ‘काका, आलास? बस, परीक्षक हो,’ खारू म्हणाली, ‘आणि प्रश्न विचारताना तोंड जरा बरं कर, असा चेहरा बघून परीक्षार्थी पळून जाईल.’ मी बसलो. ती चौथ्या प्रकरणापर्यंत आली. मी डोकं दुखतंय म्हणून उठून गेलो.

बुधवारी बाईंच्या दारापर्यंत गेलो. आतून त्यांचा आवाज येत होता, फोनवर कोणाला तरी तेविसाव्याबद्दल सांगत होत्या, लेकीच्या लग्नाचं सांगावं तशा. मी दारावर टकटक करायला उचललेला हात तसाच खाली घेतला. गुरुवारी चिठ्ठी लिहिली आणि फाडली. सांगायला लागतात दोन वाक्यं. यादी चुकलीय. तुझा तेविसावा खोटा आहे. साठीला आलेल्या माणसाला दोन वाक्यं बोलता येऊ नयेत? भित्रा, दुसरा शब्द नाही. गुरुवारी संध्याकाळी मी तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘काका, उद्या पहिल्या रांगेत बस हं. घाबरले की तुझ्या टकलाकडे बघीन, मला धीर येतो.’ ‘बसतो,’ एवढंच मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावरचा लांबट वर्ग भरला. अशी परीक्षा आमच्याकडे सगळ्यांसमोर होते. पुढच्या टेबलाशी तीन परीक्षक होते. बाई, शेजारच्या खात्यातले एक गृहस्थ, आणि बाहेरगावाहून आलेले एक म्हातारे परीक्षक, ज्यांनी सगळं आयुष्य याच विषयात घातलं होतं. त्यांच्या कानात यंत्र होतं आणि ते फार हळू बोलत. मी पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या रांगेत वहिनी, मांडीवर पर्स घट्ट धरून. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या.

पोरगी सुरेख बोलली. एकदाही अडखळली नाही. तेविसाव्याचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मागची पोरं पुढे वाकून बघायला लागली. खाली, वर, खाली, वर, साडेअठरा मिनिटं, साडेअठरा मिनिटं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

म्हाताऱ्या परीक्षकांनी बरीच पानं चाळली आणि ते म्हणाले, ‘हे साडेअठरा झोक्याच्या निम्मे आहेत.’

‘हो सर. म्हणून आंधळ्या ओळींची यादी बघितली. त्या जागी आंधळी ओळ नाही.’

‘यादी बघितलीत. काळे फोटो स्वतः बघितलेत का?’

खारूची नजर माझ्याकडे आली. मला वाटलं, आता सांगेल, मागितले होते, दिले नाहीत. आणि तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं, माझा जीव भांड्यात पडला असता.

‘नाही सर,’ ती म्हणाली. ‘ती यादी माझे काका करतात. सव्वीस वर्षं करतायत. त्यांनी केलेली यादी पुन्हा तपासायची मला गरज वाटली नाही.’

मागे कोणीतरी कौतुकानं हसलं. शेजारच्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हातारे परीक्षकही हसले, ‘असे काका सगळ्यांना असायला हवेत,’ म्हणाले आणि त्यांनी कागदावर खूण केली. संपलं होतं. मी फक्त बसून राहायचं होतं. तेविसावा आता दिसतही नाही, त्या टेपा माझ्याच कपाटात, प्रोग्रॅमचा लाल शेरा मी सोडून कोणी पाहिलेला नाही. दोन महिन्यांनी मी घरी बसणार होतो आणि पोरगी तिकडे जाणार होती.

पण ती खोटं बोलली होती, माझ्यासाठी. फोटो मागायला आली होती, मी हाकलून दिलं होतं, आणि ते सगळं तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. ते मला बसून ऐकवेना. मी उठलो.

‘त्या महिन्याची यादी चुकीची आहे,’ मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला. ‘सहाशे अकरावी ओळ आंधळी होती. ठिपका तिच्याच वरून जातो. जाताना एकदा, येताना एकदा. हिनं तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे फोटो मागितले होते. मी दिले नाहीत.’

म्हाताऱ्या परीक्षकांनी कानातलं यंत्र नीट केलं. ‘कशी काय चुकली?’

‘केलीच नव्हती. आधीच्या महिन्याची उतरवली.’

‘का?’

वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि खारूही, हातातला लेझरचा लाल दिवा अजून पडद्यावर रोखून. त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर, दादाचं मरण काढू? माझी चूक झाकायला त्याला पुढे करू? आणि या पोरीला सांगू, की तुझी चार वर्षं गेली ती तुझा बाप गेला म्हणून? नाही, ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

‘आळस,’ मी म्हणालो.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. चाळीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या आणि त्यांनी निर्णय वाचून दाखवला. चौथं प्रकरण काढून टाकायचं, उरलेल्या एकोणचाळीस ठिपक्यांवर प्रबंध नव्यानं लिहायचा, सहा महिन्यांची मुदत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दूरच्या संस्थेनं आठवड्याभरात तीन ओळींचं पत्र पाठवलं, फार सभ्य भाषेत. त्यांना आता दुसरं कोणीतरी मिळालं होतं.

त्या शुक्रवारी घरी खारूनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मला विचारलं, ‘तुम्हाला कधी कळलं?’

पाळण्यात असल्यापासून ती मला अरेतुरे करायची. मी म्हणालो, ‘मंगळवारी.’

‘आज शुक्रवार आहे.’

‘हो.’

‘मंगळवारी सांगितलं असतंत तर मी परीक्षा पुढे ढकलली असती. बाईंना स्वतः जाऊन सांगितलं असतं, माझी चूक मी पकडली म्हणून. लोकांनी उलट नावाजलं असतं मला. तुम्ही मला चार दिवस नुसतं बघत बसलात?’

ती खोलीत गेली. त्यानंतर घरात भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. ती माझ्याआधी जेवून घ्यायची. जिन्यात समोरासमोर आलो तर भिंतीला लागून उभी राहायची, मला वाट द्यायची, जणू मी शेजारचा कोणी.

दोनेक आठवड्यांनी वहिनी सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘भावजी, तो महिना मला माहीत आहे.’

मी कपबश्या काढायला लागलो.

‘तुम्हाला आळस कधी शिवला नाही. हे मला कळतं. तिला सांगून टाका.’

‘नको वहिनी. माझ्यावर चिडलीय, ते बरंय. निदान चिडायला माणूस समोर आहे.’

‘तिला तारखा येत नाहीत असं वाटतं तुम्हाला?’ वहिनी म्हणाल्या आणि गॅस बंद करून कामाला निघून गेल्या.

तारखा येत होत्याच. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती माझ्या ऑफिसात आली. हातात दुरुस्तीचा फॉर्म होता. यादीत चूक सापडली की तो भरून जगभरच्या लोकांना कळवावं लागतं. कुठला महिना, कुठली ओळ, कशामुळे. महिना आणि ओळ तिनं आधीच भरली होती. कारणाचा रकाना कोरा होता. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

‘कारण काय लिहू?’

‘आळस.’

‘खोटं लिहिणार नाही मी. हजेरीची नोंद बघितली. अकरा दिवस रजा.’

‘हो.’

‘बाबांजवळ होतात.’

‘हो.’

ती पेन हातात फिरवत राहिली. ‘आल्यावर का नाही केलीत?’

‘आल्यावर डोकं चालत नव्हतं. लोक मागत होते. जुनी लावून दिली.’

‘रिकामी ठेवायची होती,’ ती म्हणाली. ‘रिकामी असती तर मला कळलं असतं की इथं कोणी बघितलेलं नाही. मी स्वतः बघितलं असतं. चार वर्षं मी कशावर घालवली? तुमच्या त्या रद्दीवर?’

खरं होतं. मी मान हलवली.

‘त्या महिन्याचे फोटो आले कधी होते?’

‘रजेच्या नवव्या दिवशी.’

‘बघायला किती वेळ लागतो?’

‘तास. फार तर सव्वा तास.’

‘आणि हॉस्पिटल?’

तिला माहीत होतं. शाळा सुटली की ती रोज तिथं चालत यायची. ‘इथून दहा मिनिटं,’ मी म्हणालो.

तिनं पेन टेबलावर आपटलं. ‘मग जाऊन यायचं होतंस ना, काका! तासाभराचं तर काम. बाबा काय... बाबा तर जाणारच होते.’

बोलली, आणि तिला स्वतःलाच ते ऐकू गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं फॉर्म पुढे ओढला, कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक रजा’ असं लिहिलं, आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. ती दार ओढून घेऊन गेली. जिन्यावरून उतरतानाची तिची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली.

तिचं चूक नव्हतं. त्या नवव्या दिवशी दुपारी फोटो आल्याचा निरोप आला तेव्हा मी उठलोच होतो. कोट चढवला होता. दादाला डोळा लागलाय असं वाटलं, म्हणून दबकत दाराकडे निघालो.

‘निघालास का रे धाकट्या?’

‘तासात येतो. ऑफिसचं थोडं आहे.’

‘बरं,’ तो म्हणाला. दादानं आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, तेव्हाही नाही. नुसता माझ्या कोटाकडे बघत राहिला. मी कोट काढला, खुर्ची पुढे ओढली आणि बसलो. मग तासभर तो बोलत होता. लहानपणी आम्ही न विचारता पळवलेली सायकल, तिची निसटणारी साखळी, ढोपरं फुटली ती घरी कशी लपवली, असलंच काहीबाही. मधेच धाप लागायची, थांबायचा, आणि पुन्हा हसत सुरू करायचा. दोघंही हसलो आम्ही. खारू शाळेतून आली तोवर तो थकून झोपला होता, आणि त्यानंतर दोन दिवसांत तो एक शब्दही बोलला नाही.

तिच्या बापाचं शेवटचं बोलणं मी ऐकलं, आणि ती तेव्हा दोन रस्ते पलीकडे वर्गात बसली होती. तो तास मी सोडला नाही, म्हणून तिची चार वर्षं गेली. आणि तीच दुपार पुन्हा आली तर मी पुन्हा कोट काढीन. हे तिला मी कुठल्या तोंडानं सांगू?